उस्मानच्या मोटारीची ब्रेकसळई

सरहद्दीवरच्या वझिरीस्तानात मी फौजेच्या मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट कंपनीत नाईक होतो, मोटारींच्या दुरुस्तीवर. उस्मान ड्रायव्हर. तो रेवदंड्याचा, मी चौलचा. पहाटे पाचला इन्स्पेक्शन, सहाला कॉन्व्हॉय, म्हणजे लॉऱ्यांचा ताफा निघायचा. जमादारसाहेब रोज बजावायचे, "ब्रेकची सळई तुटली तर जोडायची नाही. बदलायची." तिथे एकदा ड्यूटीवर उस्मानच्या तोंडाला रमचा वास आला होता. मी रिपोर्ट केला नाही.

डिस्चार्जनंतर उस्मान धरमतर-अलिबाग उतारूंच्या सर्व्हिस मोटारीवर लागला. पावसाळ्याच्या तोंडावर, सकाळी आठला, कार्ले खिंडीच्या उतारावर ब्रेक गेला. त्याने मोटार डोंगराच्या अंगाला घातली. अकरा उतारू वाचले. तो जागीच गेला. मोटारीच्या मालकाने पोलिसांत जबानी दिली, ड्रायव्हर प्यालेला होता.

मला ते खरं वाटलं. लिहायला जड जातं, पण वाटलं.

दिवाळीनंतर त्याची बायको हलीमा आमच्याकडे आली.

"भाऊ, लोक पोरांना दारुड्याची पोरं म्हणतात. तुमी पलटणीत संगती व्हते. सांगा, ते पिऊन गाडी हाकतील?"

"बघतो," एवढंच म्हणालो.

मोटारीचा सांगाडा रस्त्यावरून ढकलून खिंडीखालच्या ओढ्यात टाकलेला होता. तुटलेल्या ब्रेकसळईचे दोन्ही तुकडे काढून घरी आणले. चार महिन्यांच्या पावसाने गंजाचे खवले सुटत होते. गंज सुटावा म्हणून परसात आमसुलाच्या आंबट पाण्यात बुडवून ठेवले.

दुसऱ्याच दिवशी मालकाचा मुनीम दारात उभा.

"नाईक, भंगार कशाला उचललंत?"

"विळे करायला."

"मालक नवं लोखंड देतील. ते परत द्या."

"भंगारासाठी अलिबागहून आलात?"

त्याची नजर परसाकडे होती.

तो गेल्यावर तुकडे आत घेतले. मग घर एकटं सोडलं नाही. ओसरीवर कोणी पाणी प्यायला थांबलं तरी मी त्याचे हात बघत असे.

तिसऱ्या दिवशी घासलेट, विटकरीचा चुरा आणि तारेचा ब्रश घेऊन बसलो. तुटलेल्या टोकाचा गंज उतरला. खाली काळा रंग निघाला. रंगाखाली पितळ. सळई आधीच एकदा तुटली होती. पितळेने जोडून वर रंग फासला होता. त्याच जोडावर ती सुटली.

ब्रेक गेला तो या जोडाने; आणि प्यालेल्या माणसाला मोटार दरी टाळून डोंगराला घालायचं सुचलं नसतं. उस्मानवर मी फिर्याद ऐकूनच निकाल दिला होता.

तुकडे अलिबागला फौजदारांपुढे ठेवले. त्यांनी जोड घालणाऱ्या लोहाराला शोधून बोलावलं. तो म्हणाला, "मालकांनीच करून घेतला. ड्रायव्हरला सांगू नको म्हणाले." उस्मानवरचा ठपका निघाला. मालकाची मोटार बंद झाली.

हलीमाला सगळं सांगितलं. मलाही संशय होता, हेही सांगितलं.

"भाऊ, तुमी पन?" ती म्हणाली.

आमच्या कंपनीचे जे जवान सरहद्दीवर पडले, त्यांची नावं छावणीतल्या दगडावर कोरली आहेत. उस्मानचं नाव कुठेच नाही. म्हणून इथे लिहितो. ड्रायव्हर उस्मान, राहणार रेवदंडा. अकरा माणसं वाचवून गेला. शुद्धीत होता.