आईची रजा

सुट्टी हा शब्द ज्याने शोधून काढला त्याला सात मुलं नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगते. असलीच तर ती त्याच्या बायकोने वाढवली असणार.

आम्ही सात भावंडं. तीन माझ्या वरची, तीन माझ्या खालची आणि मी बरोब्बर मध्ये. म्हणून मला कुणी नावाने हाक मारायच्या भानगडीत पडलंच नाही, मी 'मधली'. वर दादा, ताई आणि भाऊ. खाली जुळ्या बहिणी आणि सगळ्यात धाकटा, त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. वडील छापखान्यात मशीनवर. खोल्या दोन, स्वयंपाकघर एक, नळ एक आणि या सगळ्यांना पुरून उरणारी आई एक.

ती पाचला उठायची. पाणी यायच्या आधी पिंप घासलेलं असायचं, नळाला धार आली की ते भरून ठेवायचं, मग आंघोळी. ज्याला आधी बाहेर पडायचं तो आधी. नंबर हुकला की गार पाण्याने, रडा नाहीतर हसा. ओट्यावर सात डबे उघडे मांडलेले, वडिलांचा आणि शेपूट सोडून आम्हा सहाजणांचे. ती एका टोकाकडून भात वाढत जायची, दुसऱ्या टोकाकडून भाजी वाढत यायची. कपड्यांची गंमत वेगळीच. सात पोरांचे पांढरे बनियन आणि शर्ट कुणाचे ते कळणार कसं? म्हणून तिने प्रत्येकाच्या कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचा टाका घातलेला असायचा. दादाचा निळा, ताईचा लाल, माझा पिवळा. भाऊ एकदा घाईत माझा पिवळ्या टाक्याचा शर्ट घालून शाळेत गेला, तर मी आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला होता. एवढी एकच गोष्ट काय ती त्या घरात माझी एकटीची होती.

हाक मारताना मात्र तिचं गाडं अडायचं. "दादा, ताई, भाऊ, मध... अगं जी कोणी असशील ती, इकडे मर आधी!" आम्ही चौघंही जायचो नाही. चौघांनाही वाटायचं, आपल्याला नाही.

आता सुट्टीचं ऐका. शाळेला सुट्टी म्हणजे सातही तोंडं घरात. दर तासाला कुणीतरी म्हणणार, "आई, भूक." ती म्हणायची, "तुम्हाला सुट्टी आणि मला शिक्षा, बरा न्याय आहे!" एकदा आम्ही सगळे तळ्यावर गेलो होतो. दिवसभर पाण्यात डुंबलो. आई झाडाखाली आमच्या चपला आणि कपडे राखत बसली. 'तूही ये ना पाण्यात' असं तिला म्हणायचं आम्हाला सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, नाहीच सुचलं. संध्याकाळी चपला पायात घातल्या आणि घरी आलो.

इतक्या माणसांत ही बाई एकटी आहे असं मला तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर मी फिदीफिदी हसले असते. एकटी? आम्ही तिला न्हाणीघरातसुद्धा एकटं बसू देत नव्हतो. बाहेरून दार वाजवून विचारायचो, माझा कंगवा कुठे आहे?

मी पंधरा वर्षांची असताना आई ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "आजार काही नाही, बाई थकल्यात. विश्रांती द्या." विश्रांती! जणू ती बाजारात किलोवर मिळते. पण छापखान्याचं समुद्रकाठी एक विश्रामगृह होतं. कामगारांना आळीपाळीने एक खोली आठवडाभर मिळायची, माणसं दोन. आम्ही नऊ, म्हणून वडिलांनी आपली पाळी दरवेळी सोडून दिली होती. या वेळी दादा म्हणाला, "आई आणि तुम्ही जा." नेमकी त्याच आठवड्यात शाळेच्या पुस्तकांची छपाई निघाली आणि वडिलांची रजा गेली. तेव्हा दादाच म्हणाला, "मग आई एकटी जाऊ दे. शेपटालाही बरोबर द्यायचं नाही. पोर मागे लागलं की विश्रांती कसली?"

आईचं म्हणणं कुणी विचारलं का? छे! आम्ही सगळे तिच्या भल्याच्या मागे हात धुऊन लागलो होतो.

गुरुवारी सकाळी तिला गाडीत बसवायला मी गेले. तिच्या हातात एक पिशवी, तीही अर्धी रिकामी. ती खिडकीत बसून सूचना देत राहिली. शेपटाला झोपताना पाणी लागतं, वडिलांच्या डब्यात तिखट कमी. मग एकदम हसली. म्हणाली, "तीन दिवस, फार तर चार. चौथ्या दिवशी 'आई, ये बाई आता' असा निरोप नाही आला तर माझं नाव बदल." मी म्हटलं, "पैज?" ती म्हणाली, "पैज." चेष्टेत बोललो. पण गाडी हलली तशी तिने खिडकीची दांडी धरली आणि तिचा चेहरा चेष्टेचा नव्हता. आपल्यावाचून हे घर अडतं, एवढीच तिची मिळकत होती आणि ती तपासायला आपण तिला घराबाहेर काढलं आहे, हे माझ्या मठ्ठ डोक्यात शिरलं नाही.

घरी आल्यावर वडिलांनी सगळ्यांना समोर बसवलं. "रोज सहाला तिचा फोन येईल. कुणी रडगाणं गायचं नाही. घरात आग लागली तरी सगळं छान आहे म्हणायचं. तिला झोप मिळाली पाहिजे." झालं! आमच्या घरात वडिलांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

फोन शेजारच्या घड्याळवाल्या काकांकडे होता. सहाला आम्ही सातजण त्यांच्या दुकानात रांग लावायचो आणि एकेकजण फोनमध्ये ओरडायचा, "आम्ही मजेत!" आईचा आवाज बारीक यायचा. "काही अडलं नाही ना?" "काही नाही!" "माझी आठवण येते का?" यावर जुळ्यांपैकी एक म्हणाली, "तू झोप!" काका भिंग काढून हसले. "अरे, ही खबरबात आहे की कवायत?" म्हणाले.

पहिल्याच रात्री शेपटाला ताप भरला होता. मी कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. ताई परीक्षेच्या पुस्तकात, दादा-भाऊ गाढ झोपेत. पहाटे ताप उतरला. शुक्रवारी फोनवर शेपूट घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी मजेत." मीच त्याला तसं पढवलं होतं.

आणि मग काय झालं सांगू? मला ते सगळं आवडायला लागलं. घराचा स्वयंपाक ताईने करायचा ठरला होता, पण तिने पहिल्याच दिवशी भात लावून पातेल्याची वाट लावली. पळी माझ्याकडे आली. माझी बटाट्याची भाजी झाली छान. कशी झाली ते मलाच ठाऊक नाही. दादा, जो मला वर्षातून चारदा ओळखायचा, तो म्हणाला, "मधले, अजून वाढ." दिवसभर नुसता माझ्या नावाचा गजर. मधले, माझा शर्ट. मधले, साबण संपला. मधले, हा मारतो. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पंधरा वर्षं मी त्या घरात सतरंजीसारखी पडून होते आणि आता माझ्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं.

रविवार हा चौथा दिवस. वडीलसुद्धा घरी. दुपारी सगळे जेवायला बसले, मी ओट्याशी. आमची खिडकी थेट गल्लीत उघडायची, जाळी लावलेली. वडील एक घास खाऊन थांबले आणि म्हणाले, "पोरी, तू तर आईला मागे टाकलंस." दादा म्हणाला, "मग आईला अजून एक आठवडा वाढवून देऊ या!" सगळे खो खो हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

हसता हसता खिडकीकडे वळले तर गल्लीत आई उभी.

समोरच्या भिंतीच्या सावलीत, हातात ती पिशवी. केस वाऱ्याने विस्कटलेले. चार तासांचा प्रवास करून आली होती. निरोप गेला नव्हता, तरी आली होती. ती आमच्या खिडकीकडे बघत होती आणि आतलं हसू तिला ऐकू गेलं होतं. दादाचं वाक्यही गेलं असणार, आमच्या घरात हळू कोण बोलतंय?

माझ्या हातात पळी होती. आता मी जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला आनंद झाला नाही. वाटलं, आता ही आत येईल, पिशवी कोपऱ्यात टाकेल, 'बघू गं' म्हणून पळी माझ्या हातातून घेईल आणि मी परत मधली. फक्त तीन दिवस उरले होते माझे. तेवढे तरी मला हवे होते.

एक हाक पुरली असती. "आई!" एवढंच. सहाजण ताटावरून उठून धावले असते, शेपूट तर उघडाच धावला असता. मी हाक मारली नाही. आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, अजून थोडा वेळ थांबली आणि मग गाडीतळाच्या रस्त्याने परत चालू लागली. मागून दादा ओरडला, "मधले, भात!" मी भात वाढला.

संध्याकाळी फोन नेहमीच्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा आला. आम्ही रांगेत. माझी पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "जेवलात?"

"हो."

"काय केलं होतंस?"

"बटाट्याची भाजी."

"चांगली झाली होती?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि शेपटाला द्यायला सांगितलं.

बुधवारी ती ठरल्या वेळी आली. केवढा गोंधळ! शेपूट गळ्यात, जुळ्या पायात, वडील विचारतात झोप झाली का, ती म्हणते, झाली की. मग ती स्वयंपाकघरात गेली. मी सगळे डबे माझ्या सोयीने हलवले होते. तिने एक डबा उघडला, मिटला, दुसरा उघडला. मग मला विचारलं, "मीठ कुठे ठेवलंस गं?" आधी मला ऐट वाटली आणि मी बोटाने दाखवलं. पण ती "असं होय" म्हणाली, पाहुणीने म्हणावं तसं, आणि माझा हात तिथल्या तिथे खाली आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर रिकामं झालं. शेपूट काकांच्या दुकानात घड्याळं बघायला गेला. मी आणि आई धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसलो, कॉलर उलटून दोऱ्याचा रंग बघायचा आणि ज्याच्या त्याच्या गठ्ठ्यात टाकायचा. दोन-चार शर्ट तिने गठ्ठ्यांत टाकले. मग तिकडचं सांगू लागली. खोलीत खाटा दोन. रात्री दुसऱ्या खाटेकडे तोंड करून झोपायची आणि सकाळी दोन्ही खाटा आवरायची, कारण एकच आवरली तर काम लगेच संपायचं. तिथल्या आचाऱ्याकडे कांदा चिरायला मागितला, तर तो म्हणाला, "बाई, तुम्ही आराम करा." समुद्र बघितला का, मी विचारलं. "बघितला. किती बघायचा? तिथे कुणाला हाक मारायची नव्हती. दोन दिवसांनी मला माझाच आवाज अनोळखी वाटायला लागला. म्हणून सगळ्यांची नावं ओळीने घेऊन बघितली, दादा, ताई, भाऊ... एकदाही चुकले नाही. मेलं, घरी कसं चुकायचं कोण जाणे."

मी हसले. ती नाही हसली. तिने भावाच्या शर्टाची घडी घातली, हाताने दाबली.

"रविवारी खिडकीत तूच होतीस ना?"

माझ्या कानशिलात कुणीतरी लगावल्यासारखं झालं. नाही म्हणायची सोय नव्हती. मी म्हटलं, "हो."

"मला वाटलं, तू हाक मारशील."

ती रागावली असती तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. पण तिचा आवाज रागाचा नव्हता. त्या दिवशी तळ्यावर चपला राखत बसली होती, तशीच ती आता बसली होती. मला काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी बोलले, आणि खोटं बोलले. "मला वाटलं, तू येशीलच आत. आपल्याच घरात यायला तुला कशाला हवी हाक?"

"तेच ना," आई म्हणाली. "वीस वर्षं या घरात वावरले, कधी लागली नाही. रविवारी दारापर्यंत आले आणि लागली."