मनूच्या मापाची घसरगुंडी

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला लेकीकडे होते. "आई, काका गेले... दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या," एवढंच माझा संजय म्हणाला. लेकीने लगेच गाडी ठरवली. वाटभर मी रडले नाही, खरं सांगते. आमच्या धरणगावच्या तोंडाशी एका दुकानापुढे नवेकोरे कूलर रांगेनं मांडलेले दिसले, आणि मग मात्र मला आवरेना.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. चाळीस वर्षं त्यांनी पत्र्याचे कूलर बनवले. लग्न केलं नाही. जेवण माझ्या हातचं आणि भांडणही माझ्याशीच. भाजीत मीठ कमी झालं तर तोंडानं बोलायचे नाहीत, मिठाची बरणी उचलून माझ्यापुढे ठेवायचे. मीही काही कमी नाही, ती पुन्हा फळीवर ठेवून द्यायची. त्यांना जाऊन दीड महिना झाला. लोक भेटायला येतात, अण्णांचा कूलर अजून चालतो म्हणतात. चालत असेल. मला सांगायचंय ते आमच्या परसातल्या घसरगुंडीचं.

संजयची मुलगी मनू, माझी नात. तिचा डावा पाय जन्मापासून अशक्त. पायाला पट्टा बांधून, काही ना काही धरून चालते. डॉक्टर म्हणाले होते, चालेल, पण पुढे कसं होईल ते आत्ता सांगता येणार नाही. त्या दिवसापासून तिच्या मोठं होण्याबद्दल घरात कुणी बोलेचना. इतरांची लेकरं मोठी होऊन काय काय होणार असतात... आमच्याकडे तो विषयच निघायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी, ती पाच वर्षांची असताना, बालवाडीची सहल बागेत गेली. आल्यावर मी विचारलं, काय काय खेळलीस गं? "मी सगळ्यांच्या चपला राखल्या," ती ऐटीत म्हणाली. "एक पण हरवली नाही." भाऊजी चहा पीत होते. त्यांनी कप तसाच खाली ठेवला आणि परसात जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ठोकठोक सुरू. दुकानातले उरलेले अँगल आले, पत्रे आले, वेल्डिंगचं यंत्र आलं. माझी कोथिंबीर तुडवली गेली ती वेगळीच. मनूला उभी शिडी चढता येणार नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी डोकं लढवलं. वर एक कप्पी, कप्पीवरून दोर, दोराला लोखंडी पाळणा. मनूला त्यात बसवायचं, खालून ओढायचं, की ती वर. आठ दिवस त्यातच गेले. मग मोठ्या कौतुकानं तिला आणलं. ती कप्पीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अण्णा, मला विहिरीतल्या बादलीसारखं नका ओढू."

त्या दुपारी भाऊजी नीट जेवले नाहीत. ताटावरून उठताना म्हणाले, "मनी चूक व्हयनी, वहिनी, माझीच. मी दोराचं माप घेतलं, पोरीचं घेतलंच नाही."

मग घेतलं. तिला खाटेपाशी उभी केली. पाय किती उचलतेस, दाखव. चार बोटं उचलला गेला. मग पायऱ्याही चार-चार बोटांच्याच, पण पसरट, आणि दोन्ही बाजूंनी धरायला पाइप. पायऱ्या इतक्या झाल्या की जिना परसाच्या भिंतीला जाऊन टेकला, तिथून वळवावा लागला. शेजारचे हसायचे, "अण्णा, देवीचा गड बांधता का?" मी हसायची नाही. मला धाकधूक होती, एवढं करून पोरीला नाही जमलं तर? भाऊजींचं आपलं एकच, "कसाले चिंता, वहिनी? व्हई जाई बठ्ठं, सगळं होईल."

वैशाखातली चार वाजताची वेळ. गल्लीतली पोरं जमली. भाऊजींनी बजावलं, "कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही." मनू चढायला लागली. मी दोनदा तिच्यामागे गेले, दोनदा त्यांनी मला मागे ओढलं. वळणावर ती थांबली, दम घेतला... आणि पोचली हो वर. घसरगुंडीवर बसली आणि तशीच पाइप धरून उठली. "आई गं, भाजलं."

आमच्याकडचा वैशाख आणि पत्रा, दुसरं काय होणार? मी म्हटलं, "भाऊजी, जन्मभर लोकांना गारवा विकला आणि घरच्या लेकरांना तवा दिला." सगळे हसले, सगळ्यात शेवटी तेही. संजय तिला उचलून आणायला निघाला, तर ती ओरडली, "यायचं नाही. मी घसरूनच येणार." मग भाऊजींनी धावत जाऊन बादली भरली, दोराचा पाळणा सोडून तिथं बादली अडकवली आणि वर ओढली. मनूनं तांब्या तांब्या पाणी पत्र्यावर सोडलं आणि ओल्या फ्रॉकनं सरसरत खाली आली.

तेव्हापासून तीच रीत पडली. मनू वर बसणार, पोरांनी बादली ओढायची, ती पाणी सोडेल तेव्हाच घसरायचं. वाहून आलेलं पाणी लिंबाच्या आळ्यात. भाऊजी तिला पाटकरीण म्हणायचे, कालव्याच्या पाण्याची पाळी ठरवणारी. "मनू, सोड ना पाणी," म्हणून पोरं मागं लागायची. "रांगेत ये. काल तू ढकललंस," ही वरून.

भाऊजी गेल्यावर बरेच दिवस ती परसात फिरकली नाही. मागच्या आठवड्यात आपणहून गेली. मी पाहिलं, तर पाइप धरायला ती वाकत होती. सात वर्षांची झाली, उंची वाढलीय, पाइप खाली राहिला. संजय म्हणाला, कापून पुन्हा वेल्डिंग करावं लागेल. कुठून कापायचं ते बघायला त्यानं खांबावरचा रंग खरवडला. पाइप वेल्डिंगचा नव्हताच, नटबोल्टवर होता. अजून खरवडलं, तर बोल्टच्या वर लांबीची पुट्टी भरून बुजवलेलं एक भोक. त्याच्यावर आणखी एक. मग आणखी दोन. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक खांबाला तसंच.

संजयनं सगळ्या भोकांतली लांबी उकरून काढली आणि पाना आणला. मग त्यानं सगळा पाइप एक भोक वर घेतला. मनूनं हात ठेवला, पाठ सरळ केली आणि चढायला लागली. मी खांबापाशी जाऊन उभी राहिले. सगळ्यात वरचं भोक माझ्या कमरेला लागलं. जे बोलायला आम्ही घाबरत होतो, ते या माणसानं ड्रिलनं कधीच ठरवून ठेवलं होतं... पोर माझ्याएवढी होणार, आणि आपल्या पायांनी चढणार.

"आई, वरची भोकं पुन्हा लांबीनं बुजवू का? पाणी जाऊन गंजतील," संजयनं विचारलं.

मी म्हटलं, "मेण लाव. काढायला सोपं जाईल."