जॉइंट फिरत होता, चाकं नाही

आधीच सांगतो, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कोणी शहाणपण शिकवायला नको. मी भूत मानत नाही, देव मानत नाही, अंगात येणं, नजर लागणं यातलं काहीच मानत नाही. गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची बांधलेली असली तर काम सुरू करण्याआधी मी ती सोडून बाजूला ठेवतो. खाली झोपून काम करताना ती मिरची एकदा डोळ्यात गेली की काय होतं ते मला विचारा. हा अनुभव लिहिला म्हणून माझं मत बदललं असं कोणी समजू नये. बदललेलं नाही. पण जे बघितलं ते बघितलं, आणि ते लपवायचं तर मग माझ्यात आणि ताईत विकणाऱ्यात फरक काय राहिला?

माझं गॅरेज अहेरीहून आलापल्लीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. फक्त मोठ्या गाड्या. त्यातही माझा हात बसलाय तो मागच्या कामावर. गिअरबॉक्समधून निघालेली ताकद मागे नेणारा जो लांब फिरता दांडा असतो, त्याला आम्ही लोक 'जॉइंट' म्हणतो. त्याच्या टोकांना लोखंडी क्रॉस असतात. जॉइंट जाऊन मिळतो मागच्या चाकांच्या मधल्या मोठ्या गोळ्याला, म्हणजे हाऊसिंगला. तिथून दोन्ही बाजूंना एकेक एक्सल निघतो आणि चाकं फिरवतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुखदेव आमच्या आरमोरीचा, माझ्याच मोहल्ल्यातला. माझ्याहून लहान, मला भाऊ म्हणतो. आम्ही दोघंही बौद्ध घरातले. बावीस प्रतिज्ञा लहानपणी पाठ केल्या त्या फक्त चौदा ऑक्टोबरला म्हणायला नाही. सुखदेव जंगलातल्या डेपोतून सागाचे लठ्ठे भरून चंद्रपूरकडे नेतो. त्या वाटेवर मोहटोल्याचा चढ आहे. लांब, वळणाचा, आणि मध्यावर मोहाचं एक जुनं झाड. मोहाखाली वाळक्या-ओल्या डगालींचा, म्हणजे डहाळ्यांचा, ढीग. भरलेली गाडी घेऊन जाणारा प्रत्येक ड्रायव्हर तिथे थांबतो, बाजूच्या झाडाची एक हिरवी डगाल तोडतो, ढिगावर ठेवतो, मग पुढे जातो. सुखदेव थांबत नाही.

आणि गेल्या उन्हाळ्यात सुखदेवच्या गाडीचा क्रॉस तुटला. नेमका त्या मोहापाशी. नवा टाकला, पुन्हा तुटला, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदाही तिथंच. मग काय विचारता... नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर हाच विषय. क्लीनर पळून गेला. पोचन्नाभाऊ म्हणून सिरोंच्याकडचे जुने ड्रायव्हर आहेत, सगळी लाइन त्यांचं ऐकते. त्यांनी गाड्यांच्या मालकाला सांगून टाकलं की हा माणूस या वाटेवर राहिला तर आम्ही गाड्या उभ्या करून ठेवतो. मालकाने सुखदेवला बोलावून घेतलं आणि मधला मार्ग काढला — एक डगाल ठेव, विषय संपव. सुखदेव नाही म्हणाला. मालक म्हणाला, मग ही एक खेप बघतो. याही वेळी तिथे गाडी बंद पडली तर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात.

सुखदेव गाडी घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, ठेवली का नाहीस, एक डगाल तर होती. मुद्दाम विचारलं, बघायचं होतं काय म्हणतो.

तो म्हणाला, "ठेवली असती भाऊ, कोनी प्रेमानं सांगतलं असतं तं. पन हे म्हनतात तुमच्या लोकायले देव नाई, म्हनून आमच्या गाड्यायले भोवते. आता ठेवली तं ते खरं झालं ना."

बरोबर बोलला. मी जॅक लावला आणि खाली घुसलो.

भानगड सापडायला फार वेळ लागला नाही. जॉइंट मधोमध एकात एक सरकणारा असतो. तो खोलताना दोन्ही भागांवर खूण करायची असते, कारण जोडताना दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत आले पाहिजेत. पहिला क्रॉस तुटायच्या आधीच कोणीतरी वाटेतल्या मिस्त्रीने खूण न करता खोलला होता आणि अंदाजाने ठोकून बसवला होता. टोकं वाकडी. असा जॉइंट सपाटीवर नुसता थरथरतो, पण चढावर पहिल्या गिअरमध्ये भरल्या गाडीचा पूर्ण जोर आला की क्रॉस खातो. मोहटोल्याच्या चढावर सगळ्यात जास्त जोर कुठे येतो? मोहापाशी. झाला तुमचा देव!

मी जॉइंट सरळ जोडला, नवे क्रॉस टाकले, आणि दोन्ही भागांवरून आरपार एक पिवळी रेघ ओढली. रंगाचा डबा घेऊन टपरीवर गेलो आणि पोचन्नाभाऊंना सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. जरा चढ्या आवाजात सांगितलं, हे कबूल. ते ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "तुम्ही बसता का गाडीत?"

बसतो म्हणालो. क्लीनरची जागा रिकामीच होती.

मोह वेचायचे दिवस होते. सकाळी लठ्ठे भरून निघालो, चढाला लागलो तेव्हा ऊन चांगलंच तापलेलं. जंगलात जागोजाग मोहाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ केलेली, तो धुराचा वास. गाडी मस्त चालत होती. एक थरथर नाही, एक आवाज नाही. मी सुखदेवकडे बघून हसलो. तो पण हसला. मोह दिसला. सुखदेवने वेळेवर पहिला गिअर टाकला, रेस दिली, आणि गाडी मोहाच्या बाजूला येऊन थांबली.

तुटल्याचा आवाज नाही, धक्का नाही. चालता माणूस बोलायला उभा राहतो, तशी थांबली. इंजिन चालू, गिअर पडलेला, क्लच सोडलेला. मला वाटलं क्लच गेला. मी उतरलो आणि बाजूने वाकून बघितलं.

जॉइंट फिरत होता.

माझी पिवळी रेघ वर येत होती, खाली जात होती, वर येत होती. एकाच लयीत. क्लच ठीक, गिअरबॉक्स ठीक, ताकद हाऊसिंगपर्यंत जात होती. आणि चाकं जागच्या जागी. डावी बाजू बघितली, मागून फिरून उजवी बघितली. एक चाक घसरतंय म्हणावं तर तेही नाही. मग एकच राहिलं, एक्सल तुटला. माझ्या तोंडाची चव गेली. मी ओरडून सुखदेवला सांगितलं, एक्सल गेलाय, ब्रेक घट्ट दाबून ठेव, मी दगड लावतो, नाहीतर गाडी मागे येईल.

तो खिडकीतून डोकं काढून माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "भाऊ, मी ब्रेक कवाचाच सोडला हाये."

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक्सल तुटला असेल तर चढावर भरलेली गाडी मागे सुटलीच पाहिजे. आणि ब्रेक जाम होऊन चाकं अडली असतील तर इंजिन गचके देऊन बंद पडलंच पाहिजे, जॉइंट फिरूच शकत नाही. दोन्हीपैकी एक व्हायला हवं होतं. दोन्ही होत नव्हतं. मी तरी दगड लावले. मग इंजिन बंद करायला लावलं आणि हाऊसिंगला हात लावून बघितला. मघापासून भरल्या गाडीने चढ ओढत आणलेलं हाऊसिंग, तेही त्या उन्हात, हात लावला की चटका बसायला हवा. चाकांच्या हबला बसलाच. हाऊसिंग गार होतं, मडक्यासारखं. मी हात काढला, पुसला, परत लावला. गारच.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला. एवढी वर्षं हातात पान्हा धरलाय तो काय शोभेला?

मोहाखाली एक म्हातारी बाई टोपली घेऊन फुलं वेचत बसली होती. तिकडे आमचं लक्षच गेलं नव्हतं. नाव रैनीबाई, ते नंतर कळलं. खालच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीत, घर. ती उठून जवळ आली आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. सुखदेव तिच्यावरच भडकला, बिचारीची काही चूक नसताना. म्हणाला, "बाई, मी डगाल ठेवत नसतो. आधीच सांगून राह्यलो."

ती म्हणाली, "नोको ठेवू. तुले कोनं मांगली?"

मी विचारलं, मग हा ढीग कशाचा? तिने सांगितलं ते असं — पूर्वी इथून लाकडाच्या बैलगाड्या जायच्या. पेनाने, म्हणजे गोंडांच्या देवाने, सांगून ठेवलं होतं की चढावर बैलांना इथे दम खाऊ द्यायचा. डगाल तोडून ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढा दम. डगाल देवाला नव्हती. आता गाड्यावाले ठेवतात, त्यांना वाटतं देव मागतो. आणि हसली. मी म्हटलं, ही तर मशीन आहे, हिला कसला दम? तिने गाडीकडे बघितलं आणि परत जाऊन फुलं वेचू लागली.

मी एक्सल खोलायला घेतले. रस्त्यात, त्या उन्हात. डावा बाहेर ओढला — अख्खा. उजवा ओढला — अख्खा. टोकाचे दात एकदम कोरे, बोट फिरवून बघितले. सुखदेवला खाली जॉइंट हाताने फिरवायला लावला आणि मी चाकाच्या भोकातून टॉर्च मारून आत बघितलं. आतलं सगळं फिरत होतं, जसं फिरायला हवं तसं. म्हणजे काहीच तुटलेलं नव्हतं. कुठेच नव्हतं.

तेव्हा सुखदेव खालूनच हळू आवाजात म्हणाला, "भाऊ... ठेवून देऊ का एक? कोन पाह्यते?"

मला माहीत होतं त्याच्या डोळ्यांसमोर काय आहे. स्टिअरिंग गेलं की दोन पोरींची शाळा, घरचं सगळंच. मी त्याला थांबवू शकलो नसतो आणि थांबवलंही नाही. म्हटलं, तू बघशील ना. तुझी इच्छा असेल तर ठेव, मी तोंड फिरवतो. त्याने जॉइंट आणखी एकदा फिरवून बघितला. मग बाहेर आला आणि म्हणाला, "द्या तो पान्हा."

आम्ही दोघांनी एक्सल परत बसवले. एकही नवा पार्ट नाही, जे काढलं तेच लावलं. शेवटचा बोल्ट आवळताना माझं मनगट हाऊसिंगला लागलं आणि चटका बसला. चांगला फोड आला, डाग अजून आहे.

सुखदेवने सेल मारला, गिअर टाकला. गाडी निघाली. मी दगड काढून पळत जाऊन चढलो.

नाक्यावर सगळे वाटच बघत होते. उशीर झालेला, माझे कपडे तेलाने माखलेले, काय झालं असेल ते सांगायची गरजच नव्हती. पोचन्नाभाऊंनी मालकाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. मालक मला म्हणाला, "मिस्त्री, एक्सल तुटला होता म्हनून सांगा, मी मानतो. नाई तं डगाल ठेवली म्हना, हे मानतात. पोट्टा वाचते."

दोन्ही सोयीचं होतं. मी सुखदेवकडे बघितलं, त्याने नाही म्हणून मान हलवली. मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. गाडी तुमच्या मोहापाशीच थांबली. काही तुटलं नव्हतं. का थांबली, मला माहीत नाही. डगाल ठेवली नाही, हात जोडले नाहीत, नारळ बोललो नाही. तरी सुटली. कशी सुटली, तेही माहीत नाही. देव रागावला होता म्हणता, तर मग न मनवता त्याने सोडली का, हे तुम्ही मला समजवा. आणि मिस्त्री कच्चा आहे म्हणत असाल तर गॅरेजला या, तुमच्यासमोर हाऊसिंग खोलतो.

पोचन्नाभाऊ माझ्या मनगटावरचा फोड बघत होते. मग उठले, सुखदेवजवळ गेले आणि म्हणाले, "मी तिथी रोज थांबतो रे. भीतीनं थांबतो. तू भेला नाई?"

"भेलो ना," सुखदेव म्हणाला.

पोचन्नाभाऊंनी चहावाल्याला बोटाने एक चहा वाढवायला सांगितला, सुखदेवसाठी. फोनवर मालकाला म्हणाले, राहू द्या याला.

हाऊसिंग मी खोललं, नंतर, त्यांच्यासमोर. आत नव्यासारखं होतं. कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं, मोठ्या मिस्त्र्यांना विचारलं. सगळे म्हणतात, तू बघण्यात चुकला असशील. चुकलो नाही. पिवळी रेघ माझ्या हातची होती.

सुखदेव आजही त्याच वाटेवर आहे आणि डगाल ठेवत नाही. फक्त मोहापाशी आला की गाडी उभी करतो, दोन घोट पाणी पितो आणि निघतो. मी एकदा टोचून विचारलं, हे काय नवीन? म्हणाला, "मले तहान लागते."

ती गाडी सर्व्हिसिंगला आली की मी पान्हा घ्यायच्या आधी हाऊसिंगला हात लावून बघतो. दर वेळी गरम असतं. एखाद दिवशी परत गार लागलं, तर परत खोलीन.