धोट्याचा मार

मंद्रूपचा विरुपाक्ष सोलापूरच्या एका गिरणीत नऊ वर्षं माग चालवत होता. एकोणीसशे सत्तावीस सालच्या माघात शेजारच्या मागावरचा, आडवं सूत नेणारा धोटा उडाला आणि त्याचं लोखंडी टोक विरुपाक्षाच्या डाव्या जबड्यावर बसलं. तो माग सिदूचा. सिदूनंच त्याला धरून खाली बसवलं, तोंडातलं रक्त पुसलं. मुकादम मानसिंगानं मात्र पाळी संपेपर्यंत त्याला घरी सोडलं नाही.

चार दिवसांत सूज डोळ्यापर्यंत चढली. शेजारची शरणम्मा म्हणाली, गालगुंड आहे. तिनं गेरूचा लेप लावला. विरुपाक्षाच्या बायकोला, चंद्रव्वेला, अक्कलदाढेची शंका आली. गिरणीच्या डॉक्टरांनी तोंडात पाहिलं, एक किडलेली दाढ दिसली, आणि कागदावर लिहिलं की दाढेच्या रोगानं सूज आली आहे. विरुपाक्ष धोट्याचं सांगत राहिला, डॉक्टर लिहीत राहिले. दाढ उपटली. सूज तशीच. वरचे-खालचे दात एकमेकांवर बसेनात, ताप भरू लागला, आणि महिन्याभरात जबड्याखाली फुटून पू वाहायला लागला.

तेव्हा चंद्रव्वेनं त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बोटांनी चाचपून सांगितलं की हाड पहिल्याच दिवशी मोडलंय, फार उशीर झाला. गिरणीत मार बसला असेल तर कायद्यानं भरपाई मिळते, हेही त्यांनीच सांगितलं.

विरुपाक्षानं भरपाई मागितली, तेव्हा गिरणीच्या साहेबाच्या खोलीत सिदूला साक्षीला बोलावलं. मानसिंग दारात उभा होता. सिदू जमिनीकडं बघत म्हणाला, "धोटा उडाला न्हाय. त्येची दाढ आदीपासनंच दुखत हुती."

विरुपाक्षाचा जबडा पट्टीनं बांधलेला. दाढेचा कागद पुढं आला आणि सगळं तिथंच मिटलं. विरुपाक्षाचा माग मानसिंगाच्या मेव्हण्याला मिळाला.

हाड वाकडं जुळलं. तोंड बोटभरच उघडायचं. मंद्रूपला परतल्यावर विरुपाक्ष ज्वारीच्या पातळ अंबिलीवर जगला. कुणाच्या पंगतीला कधी बसला नाही.

दोन वर्षांनी सिदू बाजारच्या दिवशी घरी आला. उंबऱ्याशी बसून म्हणाला, "खरं बोललो असतो तर माग गेला असता. पोरं लहान हायती की."

विरुपाक्षानं दातांतून कसेबसे शब्द काढले. "मलाबी हायती."

सिदू उठून गेला. पुढच्या वर्षी विरुपाक्षाची थोरली पोर त्याच गिरणीत सुताच्या कांड्या भरायला लागली.