तेलाचं माप

जवळा बाजारला सासऱ्यांचं किराणा दुकान होतं आणि मी त्यांचा घरजावई. माझ्या वडिलांच्या घरी मला परत जागा नव्हती. बायकोला सातवा महिना होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही, पण त्या वेळी मी दिवसभर स्वतःला हेच सांगायचो.

करडीचं तेल मी मापून द्यायचो. अर्ध्या लिटरच्या पत्र्याच्या मापाचा तळ सासऱ्यांनी आतून ठोकून वर घेतला होता. वरून माप काठोकाठ दिसायचं. पहिल्या आठवड्यातच मला ते कळलं होतं.

शेजारच्या गावच्या बौद्ध वस्तीतली एक बाई दर बाजारी तेल न्यायची. रोजाने निंदायला, वेचायला जायची. वस्तीतल्या मास्तरांनी शाळेतल्या मापाने तिच्या बाटलीवर अर्ध्या लिटरची रेघ मारून दिली. आमचं तेल रेघेपर्यंत पोचेना. तिने ती बाटली वस्तीत घरोघर दाखवली, आणि पुढच्या बाजारी तिथली एकही बाई आमच्याकडे फिरकली नाही. त्याच्या पुढच्या बाजारी शेतकऱ्यांच्या बायकाही कमी झाल्या.

सासऱ्यांनी वसमतहून नवं माप आणलं आणि जुनं परसात पुरलं. मग बाजाराच्या दिवशी रस्त्यातच त्या बाईला हाक मारली.

"काय वं बाई, आन तुही बाटली. समद्यांसमोर मापू."

ती आली. मागून तिच्या वस्तीतल्या पाच-सहा जणीही आल्या. मी माप भरलं आणि बाटलीत ओतलं. तेल बरोबर रेघेवर थांबलं.

"आता?" सासरे हसले. "का रेघच वर सरकली?"

लोक हसले. ती मात्र मापाकडे बघत होती. "ह्ये माप नवं हाय," ती म्हणाली. "पत्रा बघा की, कसा चमकून राहिला."

"घासलं की चमकतं, बाई. तुह्या घरी भांडे घासत न्हाईत काय?"

ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी रोज मापता. काट्यावर हात ठिवून सांगा. ह्येच माप व्हतं का?"

आमच्या बाजारात काट्यावर हात ठेवून कोणी खोटं बोलत नसे. त्या शपथेवर बैलांचे सौदे मिटायचे. मी सरळ पारड्यावर हात ठेवला. लोखंड उन्हाने तापलेलं होतं.

"व्हय. ह्येच व्हतं."

तिच्यासोबतच्या बायकांनी विश्वास ठेवला. ठेवणारच, हात काट्यावर होता. "चल वं," एक जण तिला म्हणाली, "भर बाजारात आमाला खाली पाहाय लावलं." बाटली तिने आमच्या फळीवरच ठेवली आणि गेली.

"जावईबापू, दुकान वाचवलं तुमी," सासरे म्हणाले. त्या दिवसापासून घरात माझ्या शब्दाला वजन आलं.

नवं माप मात्र खरं होतं. ते बदलायची हिंमत सासऱ्यांना पुन्हा झाली नाही. गिऱ्हाईक बाटल्या तपासतं हे त्यांना कळलं होतं. पंचक्रोशीला पुरं तेल मिळू लागलं, ते त्या बाईमुळे. आणि पंचक्रोशी तिला खोटारडी म्हणायची. तिच्या वस्तीतल्या बायका माझ्यासमोर उभ्या राहून तिची नक्कल करायच्या, आणि मी त्यांच्या बाटल्यांत मापापेक्षा थोडं जास्तच तेल ओतायचो. त्या म्हणायच्या, जावई देवमाणूस आहे. मी ऐकून घ्यायचो.

ती मात्र तेलासाठी शिरड शहापूरपर्यंत चालत जायची.