ओट्याखालचे माठ

माणसानं थाप मारावी, पण झेपेल एवढीच. मी मारली ती भर सभेत, तीही माईकवर.

धुळे आणि जळगावच्या मधल्या आमच्या गावात एक खुलं नाट्यगृह होतं. ना छप्पर, ना खुर्च्या. बसायला काळ्या दगडाच्या पायऱ्या, समोर ओटा आणि ओट्यामागे चुन्याची, किंचित आत वळलेली उंच भिंत. ओट्यावर साध्या आवाजात बोललेलं शेवटच्या पायरीवर ऐकू जायचं. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि गणपतीत तिथे नाटकं बसवायचो. नगरपालिकेनं ते पाडून दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं, तेव्हा सभेत मी उठलो. आमच्या आठवणी आहेत, पिढ्या इथे घडल्या, सगळं बोलून झालं. ज्याला गाळ्यांची स्वप्नं पडतात त्याला आठवणी सांगून काय होणार? लोक घड्याळं बघायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "या ओट्याखाली माठ पुरलेत. आवाज घुमावा म्हणून जुन्या कारागिरांनी पुरले. असं नाट्यगृह अख्ख्या खानदेशात दुसरं नाही."

असं काहीसं कुठल्याशा जुन्या देवळाबद्दल मी ऐकलं होतं, एवढंच. पण सभा गप्प झाली. दुसऱ्या दिवशी माठ पेपरात आले, मग मोबाईलवर फिरले, आणि गाळे बारगळले. गावानं मला शाल दिली. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू.

आठवडाभरानं नाट्यगृहाची राखण करणारे आबा घरी आले. वय पंच्याऐंशीच्या आसपास. झाडलोट करणं, पडदे बांधणं, उन्हाळ्यात ओट्यावर पाणी शिंपडणं, यातच त्यांचा जन्म गेला. नाट्यगृह बांधलं तेव्हा त्यांचे वडील तिथे गवंडी होते. बशीतला चहा संपवून ते म्हणाले, "मास्तर, तो ओटा मन्हा बापनी भरेल शे. तठे मुरूम शे, दगडं शेतस. मडकं एकबी नही."

"मग आवाज कुठून येतो?"

"आवाज भितना शे. बापनी घोटेल भित शे ती."

ती भिंत त्यांच्या वडलांनी दिवसचे दिवस दगडी गोट्यानं घोटली होती. कुठे किती वळवायची ते ठरवायला ते लहानग्या आबांना ओट्यावर उभं करून ओरडायला लावायचे आणि स्वतः पायऱ्यांवर जाऊन ऐकायचे. हे ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "आबा, उद्याच खरं सांगून टाकतो." त्यांनी रिकामी बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "खरं सांगं ते गाळा व्हतीन." खरं कळलं की गाळे होणार, हे त्यांनाही दिसत होतं. ते उठून गेले आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यापुरताच.

माठांमुळे नाट्यगृह 'वारसा' ठरलं आणि पुनर्बांधणीसाठी सरकारी निधी आला. नाशिकहून आलेला तरुण आर्किटेक्ट माझ्या पाया पडला आणि त्यानं नकाशा पसरला. जुना ओटा काढून तसाच नवा, त्याखाली नवे माठ. मागची भिंत तडकलेली, ती पाडून तिथे मेकअप रूम. "आवाजाची काळजी करू नका सर," तो म्हणाला, "माठ आहेतच."

इकडे आड, तिकडे विहीर. भिंत वाचवायची तर माठ नाहीत म्हणायला हवं. माठ नाहीत तर वारसा नाही, निधी परत आणि गाळे दारात उभे. मी स्वतःला हेच बजावत राहिलो. पण त्याहून मोठी भीती माझ्या तोंडाची होती. ज्या तोंडानं जन्मभर पोरांना खरं बोलायला सांगितलं, ते भर गावात काळं करून घ्यायची माझी हिंमत नव्हती. "भिंत राहिली तर शोभा येईल," एवढंच मी पुटपुटलो. त्यानं आदरानं मान डोलावली आणि नकाशा गुंडाळला.

ओटा जेसीबीनं उकरला तेव्हा थोड्या खापऱ्या निघाल्या. आमच्याकडे कुठेही हातभर खणा, खापऱ्या निघतातच. पण वार्ताहरानं त्या तळहातावर ठेवून फोटो काढला आणि माझ्या थापेला पुरावा मिळाला. मग जेसीबी भिंतीकडे वळला. आबा रस्त्यापलीकडे उभे होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांच्याकडे बघायचं धाडस होईना. पहिला धक्का बसला तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. "मांगे सरका मास्तर, धूळ उडी ऱ्हायनी." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पारोळ्याहून टेम्पोभर माठ आले, पुरले गेले, त्यावर फरशी बसली. उद्घाटनाला आबांना पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसवलं होतं. कर्णे इतके मोठ्यानं लावले होते की नव्या ओट्याचा आवाज कसा आहे, हे कळायची सोयच नव्हती. निवेदिकेनं आबांना वर बोलावलं आणि माईक पुढे धरला. "आबा, तुम्ही तर साक्षीदार. ते जुने माठ पुरताना तुम्ही डोळ्यांनी पाहिले होते ना?"

मला उठता आलं असतं. तोंडात शब्दही आले होते. आबांनी वरून माझ्याकडे पाहिलं आणि ते माईकवर वाकले.

"देखात ना," ते म्हणाले. "मन्हा बापनीच पुरेल व्हतात."

माठ त्यांच्या बापानंच पुरले होते, हे ऐकून टाळ्यांचा कडकडाट झाला. आतापर्यंत कधीही उठून 'मी खोटं बोललो' म्हणायची एक वाट मला उघडी होती. आता मी तसं म्हटलं तर आबा खोटे ठरणार होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे वडीलही. दुसऱ्या बाजूला बसलेला माझ्याकडे बघून हसला. मीही टाळ्या वाजवायला लागलो.