एका हिसक्यात तुटणारी पोत

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेली होते. नांदेडच्या बाजारात चार दुकानं फिरून मी माळा मानेमागं अडकवायचे दोन डझन आकडे घेतले होते, ते त्यांनी आदल्याच दिवशी अहमदपूरहून येणाऱ्या एका ओळखीच्या मास्तरांच्या हाती परत धाडले होते. सोबत चिठ्ठी : 'विद्या, हे चालत न्हाईत.' बस. का चालत नाहीत, कसले हवेत, काही नाही. सकाळी फोन करून चांगलं ऐकवायचं, असं ठरवून मी चहा टाकत होते, तर भाच्याचाच फोन आला… आई झोपेतच गेली म्हणाला. आता दीड महिना होत आला, पण तो राग अजून तसाच आहे. कुणावर काढायचा, कळत नाही.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. ऐन तिशीत त्यांचा नवरा गेला, पदरात एक मुलगा. तेव्हापासून त्या अहमदपुरात घरीच मण्यांच्या माळा आणि पोती ओवत. लातूर-नांदेडच्या दुकानांत त्यांच्या माळांना मागणी होती आणि तक्रारही होती. तक्रार एकच : तुटतात. आणि त्या तुटाव्यात म्हणूनच आक्का तसा दोरा निवडायच्या! बाजारात नायलॉनचा तंगूस मिळतो, स्टीलची बारीक तार मिळते, दोन्ही सहसा तुटत नाहीत. आक्कांना दोन्ही चालत नसत. त्यांना सुती दोरा लागायचा, त्याला मेण, आणि दर मण्यानंतर गाठ, म्हणजे तुटला तरी एखादाच मणी घरंगळावा. नवं रीळ आलं की दोऱ्याचं एक टोक दाराच्या कडीला बांधायचं, दुसरं बोटाला गुंडाळायचं आणि हिसका द्यायचा. तुटला तर पसंत, नाही तर रीळ परत. दुकानदार हात जोडायचा. "बाई, सगळी दुनिया पक्का धागा मागून राहिली, तुम्हीच कच्चा मागता!"

"कच्चा न्हाई रे. रोज घातला तर धा वर्षं टिकावा, अन् हिसक्याला थांबू नये. तसला दाव." असला धागा कुठल्या कारखान्यात निघतो, हे त्यांनाच ठाऊक.

यामागची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की ती सुरू झाली की मी हातातलं पुस्तक उघडायची. त्यांच्या लहानपणी शेजारची एक मुलगी मळणीयंत्रापाशी वाकली आणि गळ्यातला तंगुसाचा सर पट्ट्यात अडकला. जगली, पण मानेवर जन्माचा वळ राहिला. "मणी परत ओवता येतेत. मान न्हाई." मी म्हणायची, "आक्का, आता पोत घालून मळणीयंत्रावर कोण जातंय?" त्या म्हणायच्या, "मोटारसायकलवर तर जातेत का न्हाई?"

आकड्यांचंही तेच. आकडा बाईला डोळे मिटून, हात मानेमागं नेऊन, एकटीला लावता आला पाहिजे. याची परीक्षा माझ्यावर व्हायची. सुट्टीत त्यांच्याकडं गेले की चहाच्या आधी समोर आकड्यांचा ढीग. "मीट डोळे. लाव." पेचाचा कसाबसा लावला तर, "आता तेलाच्या हातानं लाव बरं." चुंबकाचा चटकन लागला म्हणून मी खूश, तर, "ह्यो तर शिंकलं तरी सुटंल." माझा नवरा बाजूला बसून हसायचा. एकदा वैतागून मी म्हणाले, "आक्का, मागून लावून द्यायला घरात कुणी ना कुणी असतंच की."

"असतंय का?" त्या म्हणाल्या, आणि पुढचा आकडा माझ्या हातात दिला.

माझ्या मुलीच्या, पल्लवीच्या लग्नातली पोत त्याच ओवणार हे ठरलेलंच होतं. मी आधीच बजावलं होतं, "एवढी एक पक्क्या दोऱ्यात ओवा. सासरची माणसं जुन्या वळणाची आहेत." "हाव, हाव," म्हणाल्या. मी विश्वास ठेवला, ही माझीच चूक. लग्नाला महिनाही झाला नव्हता. लातूरला सासरी कपाटाच्या मुठीत पोत अडकली आणि तुटली. आपल्याकडं पोत तुटली असं म्हणतसुद्धा नाहीत, वाढवली म्हणतात, एवढं त्या गोष्टीचं भय. पल्लवीच्या सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत, मुलाला गाडीला हात लावू दिला नाही. मी अहमदपूरला फोन लावला.

"तुम्ही मला शब्द दिला होता, आक्का."

"दिलता. पर दोरा हातात घेतला अन् न्हाई झालं माझ्याच्यानं. मानेला लागलं का तिच्या?"

"मानेचं काय घेऊन बसलात! सवाष्णीची पोत तुटणं म्हणजे काय, ते तुम्हाला काय कळणार?"

बोलून गेले. त्या सावकाश म्हणाल्या, "बराबर हाय. माझी तर एकदा बी तुटली न्हाई, विद्या. तरी काढून घेतली लोकांनी."

मी माफी मागितली नाही. पोत नांदेडला आणली आणि स्टीलच्या तारेत ओवून घेतली. पुढं नातवाच्या बारशाला आक्का लातूरला आल्या, पल्लवीच्या गळ्यातली पोत बोटावर घेऊन पाहिली आणि खाली सोडली. चार टोमणे मारले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतर आमचं बोलणं मण्यांपुरतं आणि आकड्यांपुरतं उरलं. मी बाजार धुंडाळून आकडे पाठवायची, त्या परत पाठवायच्या. माफी मागायची ती माझी रीत होती. त्यांच्या ध्यानात आली होती की नाही, कोण जाणे.

नातू आता सात महिन्यांचा आहे. दिसेल ते मुठीत धरून ओढतो. परवा पल्लवीचा फोन आला. त्यानं पोत ओढली, तार त्याच्याच बोटांना काचली, हिच्या मानेवर लाल रेघ उठली. "आई, आत्याच्या दोऱ्यात ओवून दे."

"आणि तुझ्या सासूबाई?"

"त्याच म्हणाल्या."

म्हणून गेल्या रविवारी अहमदपूरला गेले. आक्कांच्या खोलीत अकरा रिळं निघाली, सगळी पांढरी, सगळी सारखी. एकावरही चिठ्ठी नाही. मी ग्रंथपाल, जन्मभर प्रत्येक पुस्तकाला क्रमांक चिकटवत आले, आणि या बाईनं अकरा रिळांवर एक अक्षर लिहून ठेवू नये! भाच्याला विचारलं, यातला कोणता रे? "आईलाच ठाव, मामी. ती नुस्ती वढून बघायची."

मग मीही एकेक टोक कडीला बांधून हिसके देत बसले. काही लगेच तुटले, काही तुटेनात, मधले चार उरले. किती जोराला तुटायला हवा? कडीवरून ते कळेना. शेवटी कडीचा नाद सोडला, एक दोरा स्वतःच्या मानेभोवती घेतला आणि ओढला.

"मामी, हे काय करून राहिलात?" भाचा दारातून ओरडला.

दोरा तुटला नाही, मान चांगलीच काचली. ते रीळ बाजूला ठेवलं आणि दुसरं उचललं.